पहिली तीन प्रकरणं

ता. ३ मार्च

ती. ताईस,
बारक्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आई ठीक आहे. गुडघा दुखतो म्हणते आणि सांगितलेला व्यायाम करत नाही, म्हणजे अगदी नेहमीसारखी आहे. तू पाठवलेली शाल तिनं कपाटात जपून ठेवलीय. थंडी संपल्यावर वापरणार असावी.

आता दुकानाचं. समोर कापडवाल्याचं दुकान होतं ना, तिथे चष्म्यांचं मोठं दालन उघडलंय. दरवाजा आपोआप सरकतो, आत पांढऱ्या शर्टातली सहाजणं उभी असतात आणि कुणी पाय ठेवला की सहाही जणं एकदम हसतात. आपल्याकडे मी, आणि फळीच्या आडोशामागे काचा घासत बसलेले कारागीर काका. गिऱ्हाईक आलं की मी आधी हातातलं काम संपवतो आणि मग मान वर करतो. बाबा तसंच करायचे.

पण खरी काळजी वेगळीच आहे. बाबा गेल्यापासून, म्हणजे या दीड वर्षात, चष्मे परत यायला लागलेत. शाळेतल्या एक बाई दोनदा आल्या, डोकं ठणकतं म्हणाल्या. नंबर मी स्वतः काढलेला, तो बरोबर होता. काच फ्रेममध्ये बसवताना जराशी फिरली होती. तिरक्या नंबराची काच एवढीशी फिरली तरी माणसाला गरगरतं. काकांना दाखवलं तर बघतो म्हणाले आणि पुन्हा काचा घासायच्या चाकाकडे वळले. बाबा असताना चाळीस वर्षांत एक चष्मा परत आलेला मला आठवत नाही. कारागीर तोच, चाक तेच, बदलला तो मालक. म्हणजे दोष माझा. मला माणसांकडून काम करून घेता येत नाही.

मी डोळे तपासायला शिकलो, ताई. दुकान चालवायला शिकलो नाही. बाबांनी शिकवलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही, कारण बाबा कुठे जाणार आहेत असं वाटायचं. तू पुस्तकांच्या कामात आहेस. धंदा, विक्री, माणसं सांभाळणं, स्वतःला सुधारणं, यावर काय वाचावं याची यादी तू जगाला करून देतेस. एक मलाही दे.

आईचे आशीर्वाद. लोभ आहेच, तो या महिन्यात जरा जास्त लागेल.

तुझा,
बारक्या


ता. ११ मार्च

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पुस्तकं मागितलीस हे वाचून मी पाकीट उलटून पाहिलं, अक्षर तुझंच आहे ना म्हणून. शाळा सुटल्यापासून तू औषधाच्या बाटलीवरचा कागद सोडला तर काही वाचल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण खरं सांगू, डोळे भरून आले. इतक्या वर्षांत माझ्या कामाचा आपल्या घरात कुणाला उपयोग झाला असं पहिल्यांदाच होतंय.

सोबत आठ पुस्तकांचं पार्सल आणि यादी आहे. आमच्या कचेरीतून दर महिन्याला अशी यादी निघते, दोनशे दुकानांत जाते. प्रत्येक पुस्तकावर चार ओळी मी लिहिते. तिसऱ्या मजल्यावर, गोदामाच्या डोक्यावर माझं टेबल आहे आणि महिन्याच्या वीस तारखेला साहेब दर तासाला येऊन विचारतात की झालं का. पहिली दोन विक्रीवर आहेत. तिसरं पुढारपणावर, ते जरा जड आहे. पाचवं स्वतःला वाढवण्यावर, ते तुझ्या पोटावर नाही हे लक्षात ठेव.

सातवं मात्र तुझ्यासाठीच छापल्यासारखं आहे. त्यावर मी लिहिलंय की हाताखालच्या माणसांचा वेळ कुठे जातो हे ज्याला कळत नाही, त्यानं हे आधी हातात घ्यावं, आणि सवड नसेल त्यानं पहिली तीन प्रकरणं वाचली तरी पुरे. काकांचं कोडं त्यानं सुटेल. काकांना माझा नमस्कार सांग. लहानपणी माझा पहिला चष्मा नाकावरून घसरायचा तेव्हा त्यांनी तो पाच वेळा वाकवून दिला होता आणि पाचही वेळा माझंच नाक चुकीचं आहे म्हणाले होते.

वेळेवर जेव. आईचा गुडघा दाखवून आण, तिला विचारत बसू नकोस. तुझ्यावरचा लोभ इथे शाबूत आहे.

तुझी,
ताई


ता. २ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पुस्तकं मिळाली आणि मी कामाला लागलो. हसू नकोस.

दुसऱ्या पुस्तकात म्हटलंय की गिऱ्हाईक आत आल्यावर दहा मोजायच्या आत त्याच्याकडे बघून मनापासून हसावं. मी हसलो. एका आजींनी काळजीनं विचारलं की दाढ दुखते आहे का. चौथ्यानं पहाटे उठायला लावलं. मी उठतो, आणि मग माझ्या खुडबुडीनं आई उठते, आणि मग दिवसभर आम्ही दोघं एकमेकांवर डाफरतो. पाचव्यात होतं की आपलं ध्येय रोज दिसेल अशा जागी आरशावर लिहावं. मी लिहिलं की मी दहापट मोठा होणार. पण आपल्या दुकानात आरसे असतात ते गिऱ्हाइकांना चष्मा लावून बघायला. दोन दिवस जो तो आपल्या कपाळावर ते वाक्य वाचून बाहेर पडत होता. एका पोलीसदादांनी तर त्यांना बढती मिळणार आहे का, असं विचारलं. शेवटी आईनं पुसून टाकलं.

सातवं मात्र तू म्हणालीस तसंच निघालं. पहिली तीन प्रकरणं मी खुणा करून वाचली. त्याची पद्धत अशी आहे की प्रत्येक माणसानं तासातासाला आपण काय केलं ते छापील तक्त्यात भरायचं, तीन आठवडे. मी तक्ते छापून आणले, बारीक चौकटींचे, पानावर आख्खा आठवडा मावेल असे. एक माझ्यासाठी, एक झाडूपोछा करणाऱ्या मावशींसाठी, एक काकांसाठी. मावशींनी पहिल्याच दिवशी सगळ्या चौकटींत झाडलं असं लिहून टाकलं. काकांनी तक्ता हातात घेतला, बोटांनी कागद चाचपून जाड आहे म्हणाले, आणि घडी करून खिशात ठेवला. शनिवारी तो कोराच परत दिला. दुसऱ्या आठवड्याचाही तसाच. विचारलं तर म्हणाले, मी काय करतो ते तुझ्या बापाला ठाऊक होतं.

मला वाईट वाटलं आणि रागही आला. पुस्तकात यासाठी एक ओळ आहे, कोरा तक्ता म्हणजे उघड विरोध. तू काय म्हणतेस? थांबू की पुढे जाऊ?

धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बारक्या


ता. १० एप्रिल

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पोलीसदादांचं मी कचेरीत वाचून दाखवलं. साहेबसुद्धा हसले, आणि ते वर्षातून फार तर दोनदा हसतात. आमच्या यादीचा एवढा मनापासून वापर करणारा वाचक त्यांनी पाहिलेला नाही म्हणे.

काकांचं वाचून मात्र जरा चुटपुट लागली. ते असे कधी नव्हते. तरी माझं मत विचारशील तर अर्धवट सोडू नकोस. पद्धत हाती घेतली की शेवटापर्यंत न्यावी, नाहीतर माणसं आपल्याला कच्चं समजतात. अशा अडचणीचं उत्तर लेखकानं तिथेच पुढे दिलेलं असणार. तू फक्त गोड बोल. बाबांसारखं पुटपुटू नकोस, स्पष्ट बोल.

इथे या महिन्याच्या यादीची धांदल आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. आईला सांग, शाल वापरण्यासाठी पाठवली आहे. इकडून लोभ तसाच.

तुझी,
ताई


ता. २४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काका गेले. घाबरू नकोस, काम सोडून गेले. आज सहावा दिवस.

झालं ते सांगतो. तिसऱ्या प्रकरणात शेवटी असं आहे की तीन आठवडे भरले की सगळ्यांना एकत्र बसवून प्रत्येकाचा तक्ता मोठ्यानं वाचावा. सगळे म्हणजे कोण? मी, मावशी आणि काका. फारच थोडे वाटले म्हणून मी घरून आईला बोलावलं. दुकान उघडायच्या आधी चार खुर्च्या मांडल्या. मी माझा तक्ता वाचला. मावशींचा वाचला, झाडलं, झाडलं, झाडलं, तेव्हा आई हसली. मग काकांचा घेतला. पुस्तकात होतं की रिकाम्या चौकटीसुद्धा वाचाव्यात. म्हणून मी वाचत गेलो. सोमवार नऊ ते दहा, काही नाही. दहा ते अकरा, काही नाही. बुधवारपर्यंत पोचलो तेव्हा आई म्हणाली, पुरे. मी आठवडा पुरा केला.

काका उठले, आपली हत्यारं फडक्यात पुसून खणात ठेवली, चाकावर कापड घातलं, आईला नमस्कार केला आणि गेले. जाताना दाराच्या चौकटीला खांदा आपटला त्यांचा. मला वाटलं रागानं.

तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतं बोलते. काचा बाहेरून बसवून आणतो, त्याला चार चार दिवस लागतात. मी चाकावर बसून बघितलं, दोन काचा फोडल्या. तिसऱ्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य आहे, जाणाऱ्याला जाऊ द्या, रिकामी खुर्ची म्हणजे नवी सुरुवात. काकांच्या स्टुलाकडे बघवत नाही मला. पुढच्या प्रकरणांत काही असेल तर तू सांग. तू वाचलं आहेस, मला आता ते पुस्तक हातात धरवत नाही.

लोभ कमी केलास तरी मी तक्रार करणार नाही.

बारक्या


ता. ३ मे

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र मी चार वेळा फाडलं. आता पाचव्यांदा सरळ लिहिते. सातवं पुस्तक मी वाचलेलं नव्हतं.

आठांपैकी दोन वाचली होती. बाकीच्यांची मागची पानं आणि अनुक्रमणिका पाहून मी चार ओळी लिहिते. महिन्याला तीस पुस्तकं येतात, कोण वाचणार? जाड पुस्तक असलं की पहिली तीन प्रकरणं पुरे असं लिहून टाकते, म्हणजे दुकानदाराला ते विकायला सोपं जातं. अकरा वर्षं लिहितेय. आजवर कुणी विचारलं नाही, आणि कुणाचं काही बिघडत असेल असं माझ्या मनातही आलं नाही. तू थांबू का म्हणून विचारलंस तेव्हा तरी मी पुस्तक उघडायला हवं होतं. जिना उतरून गोदामात जायचं, एवढंच होतं. मी तुला थाटात सल्ला दिला.

तुझं पत्र आल्यावर खाली जाऊन एक प्रत आणली आणि रविवारभर बसून शेवटापर्यंत वाचली. नवव्या प्रकरणात लेखकानं लिहिलंय की ही पद्धत मोठ्या कारखान्यासाठी आहे, वीसपेक्षा कमी माणसं असतील तिथे ती चुकूनही वापरू नये. त्यानं स्वतः ती आधी आपल्या वडलांच्या छोट्या छापखान्यात वापरली होती. तिथला खिळे जुळवणारा सगळ्यात जुना जुळारी निघून गेला आणि पुन्हा त्याच्याशी कधीच बोलला नाही. एवढं सगळं त्या पानावर आहे, बारक्या. साध्या, ठळक अक्षरात आहे.

रजा मिळत नाही, मिळाली तरी येऊन मी काय करणार? तू काकांच्या घरी जा. माफी माग. माझं नाव सांग, पुस्तक ताईनं दिलं होतं म्हणून सांग. माझ्यावर रागाव, पण पत्र पाठवायचं थांबवू नकोस.

तुझी,
ताई


ता. ४ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय. काल आईनं मला जवळजवळ ढकलतच काकांच्या घरी नेलं.

काका गॅलरीत बसले होते. मला बघून, म्हणजे मला वाटलं बघून, ये म्हणाले. खरं तर ते आईच्या चपलांच्या आवाजावर म्हणाले होते. काकूंनी चहा टाकला आणि स्वयंपाकघरात मला जवळ बोलावून हळू आवाजात सांगितलं. काकांची नजर पाच वर्षांपासून जातेय. डोळ्यामागची शीर सुकत चालली आहे. बाबाच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकली तर टिकली, असं डॉक्टर म्हणाले होते. बाबांनी काकांना सांगितलं की तुझे हात शाबूत आहेत, तू काम करत राहा, बाकी मी बघतो. आणि ते ठरवून कुणाला बोलले नाहीत. आईलाही नाही.

तुला आठवतं, बाबा तयार झालेला प्रत्येक चष्मा खिडकीशी नेऊन किती वेळ पुसत बसायचे? आपण त्यांना चिडवायचो की काच झिजेल म्हणून. ते पुसत नव्हते, ताई. ते काकांचं काम तपासत होते आणि फिरलेली काच सरळ करत होते. बाबा गेले आणि खिडकीशी कुणी उरलं नाही. मी रोज पंधरा-वीस लोकांचे डोळे तपासतो. फळीपलीकडे बसलेल्या माणसाचे मला तपासावेसे वाटले नाहीत. तो तक्ता त्यांना दिसत नव्हता, आणि मी त्यातल्या रिकाम्या चौकटी सगळ्यांसमोर वाचल्या.

मी पाय धरले. काकांनी मला उठवलं, काही न झाल्यासारखं चाकाला तेल दे म्हणाले. मग म्हणाले, तो डॉक्टर म्हातारा होता, त्याची यंत्रं जुनी होती. तू नवं शिकलास, तू एकदा बघ. नंबर निघाला तर जाड काचेचा का होईना, चष्मा लावीन आणि सोमवारी कामावर येईन. येत्या गुरुवारी सकाळी यायचं ठरलंय. काकू माझ्याकडे ज्या आशेनं बघत होत्या ते मी तुला लिहून सांगू शकत नाही. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

आशीर्वाद पाठव, तोही लवकर.

तुझा,
बारक्या


ता. ११ मे, गुरुवार

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. नववं प्रकरण उघडून पाहिलं, तू म्हणतेस ते सगळं तिथे आहे. काल तुझा फार राग आला होता. आज नाही. तू वाचलं नव्हतंस, पण पुस्तक माझ्या हातात होतं आणि पान मलाही उलटता आलं असतं.

काका आले आहेत. दहाला आले, काकूंचा हात धरून, इस्त्रीचा शर्ट घालून. पिशवीत डबा आणलाय, आजच कामाला बसायची वेळ आली तर असावा म्हणून. तपासायच्या खुर्चीत ते इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बसले. मी एक डोळा झाकला आणि समोरचं वाचा म्हणालो. त्यांनी खणखणीत आवाजात वरपासून खालपर्यंत सगळी अक्षरं म्हणून दाखवली. शेवटची बारीक ओळसुद्धा, एकही चूक न करता. काकूंना हसू आवरेना. ती भिंतीवरच्या जुन्या तक्त्यावरची अक्षरं होती, ताई. चाळीस वर्षं फळीपलीकडून गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलेली. तो तक्ता मी गेल्या महिन्यात उतरवला. आता तिथे आकडे आहेत.

मी होत्या नव्हत्या त्या सगळ्या काचा लावून पाहिल्या. बारीक छिद्राची पट्टी डोळ्यापुढे धरली. चष्म्यानं सुधारणारी नजर असेल तर त्या छिद्रातून थोडं तरी स्पष्ट दिसतं. त्यांना काहीच फरक पडला नाही. उजवा तर जवळजवळ संपलाच आहे. मग काकांनी विचारलं, नंबर किती आला.

हिशोब करून सांगतो म्हणालो आणि आत आलो. त्यांच्याच स्टुलावर बसून हे लिहितोय. हे तुला मिळायला पाच दिवस आणि तुझं उत्तर यायला पाच, हे मला कळतं. पण कुणाला विचारू? काहीतरी नंबर सांगितला तर ते सोमवारी येतील, मी खिडकीशी उभा राहून एकेक चष्मा सरळ करीन, आणि काच लावूनही दिसत नाही हे त्यांना पहिल्याच दिवशी कळेल. खरं सांगितलं तर डबा तसाच घेऊन ते घरी जातील, आणि पुन्हा येणार नाहीत. आयुष्यभर मी लोकांना नंबर काढून दिले. चष्म्याच्या दुकानात बसलोय आणि त्यांना द्यायला माझ्याकडे नंबर नाही.

त्यांनी दुसऱ्यांदा हाक मारली. आला का नंबर, विचारताहेत. घाई नाही म्हणतात, नीट काढ म्हणतात.

जातो. लोभ राहू दे.

बारक्या